रेघ डॉलरची, पैसा पौंडांचा

२३ जून २०१६च्या रात्री दहा वाजता ब्रिटनमधली मतदान केंद्रं बंद झाली, तेव्हा एका पौंडाला जवळजवळ दीड डॉलर मिळत होता. युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं, या सार्वमताचा कौल राहण्याच्या बाजूने जाईल असं चलनबाजार धरून चालला होता. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात संडरलँड शहराचा निकाल आला. बाहेर पडू म्हणणाऱ्यांची आघाडी अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठी निघाली आणि पौंड घसरायला लागला. उजाडेपर्यंत तो १.३३ डॉलरच्याही खाली जाऊन आला होता. १९८५नंतर इतका स्वस्त पौंड कुणी पाहिला नव्हता.

लंडनमध्ये बसून अमेरिकी शेअरांत इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात घेऊन विकण्याचे सौदे, करणाऱ्या एखाद्या माणसाचं त्या दिवसांतलं खातं डोळ्यांपुढे आणावं. माणूस कल्पनेतला, पण भाव खरे आणि नियमही खरा. खातं अमेरिकेतल्या ब्रोकरकडे, मार्जिनचं, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर सौदे करता येतील असं. शिल्लक १७,५०० पौंड, सगळी रोख. गुरुवारी न्यूयॉर्कचा बाजार बंद होताना पौंड सुमारे १.४९ डॉलरला होता, म्हणजे शिल्लक २६,०७५ डॉलर. शुक्रवारी बाजार बंद होताना पौंड सुमारे १.३७ला आला आणि तीच शिल्लक २३,९७५ डॉलर झाली. या माणसाने एक शेअर घेतला नाही की विकला नाही. खात्यातला एक पौंडसुद्धा जागचा हलला नाही. तरीही सोमवारी त्याला इंट्राडेचा सौदा करण्याची मुभा उरली नव्हती, कारण नियमाने आखलेली रेघ २५,००० डॉलरची होती आणि तो तिच्या खाली गेला होता.

‘अमेरिकेत डे ट्रेडिंग करायला पंचवीस हजार डॉलर लागतात’ हे वाक्य अनेकांच्या कानावर पडलेलं असतं. पुण्यात बसून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांच्या आणि न्यू जर्सीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्याही. पण कुणाला लागतात, कशासाठी लागतात आणि पैसा डॉलरमध्ये नसेल तर काय होतं, हे त्या एका वाक्यात येत नाही. खरी मेख तिथेच आहे.

अमेरिकेत ब्रोकर कंपन्यांवर दोन थरांची देखरेख असते. वर सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे एसईसी. तिच्या देखरेखीखाली ब्रोकरांचीच नियामक संस्था, फिनरा. फिनराच्या ४२१० क्रमांकाच्या मार्जिनविषयक नियमात ‘पॅटर्न डे ट्रेडर’ अशी संज्ञा होती. नेमाने इंट्राडे करणारा, असा तिचा अर्थ. २००१पासून जवळजवळ पाव शतक चाललेली तिची व्याख्या अशी: मार्जिन खात्यात कामकाजाच्या कोणत्याही सलग पाच दिवसांत चार किंवा अधिक इंट्राडे सौदे झाले आणि ते त्या काळातल्या एकूण सौद्यांच्या सहा टक्क्यांहून जास्त भरले, तर तो खातेदार नेमाने इंट्राडे करणारा ठरे. एकदा हा शिक्का बसला की खात्यात किमान २५,००० डॉलर, रोख किंवा चालणाऱ्या रोख्यांच्या रूपात, सौदा करण्याआधीच असायला लागत.

मोजणीत बारकावे होते आणि नवखे लोक बहुधा त्यातच अडकत. सकाळी एका कंपनीचे पाचशे शेअर दोन तुकड्यांत घेतले आणि दुपारी एकदम विकले, तर तो एकच सौदा. पण सकाळी घेतले, विकले, पुन्हा घेतले, पुन्हा विकले, तर दोन. काल घेतलेले शेअर आज विकले तर तो इंट्राडे नव्हेच. ऑप्शन्स मात्र धरले जात. बाजाराच्या नेहमीच्या वेळेआधी आणि नंतर चालणाऱ्या व्यवहारांतले सौदेही धरले जात. आधी विकून मग घेणं, म्हणजे शॉर्ट करणं, तेही धरलं जाई. या मोजणीत नफ्यातोट्याचा संबंध नव्हता. घाबरून दहा मिनिटांत बाहेर पडलेला माणूसही तितकाच मोजला जाई. एखाद्याने चूक म्हणून चौथा सौदा केला आणि त्याची तशी सवय नसेल, तर ब्रोकर शिक्का काढू शके. पण ही सवलत वारंवार मिळत नसे.

ही रेघ कुठून आली, हे कळलं तर तिचा हेतू नीट कळतो.

१९८७च्या ऑक्टोबरात अमेरिकी बाजार कोसळला, तेव्हा नॅसडॅकवरचे कित्येक बाजारकर्ते, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या कंपन्या, छोट्या गुंतवणूकदारांचे फोनच उचलत नव्हते. त्यावर उपाय म्हणून छोट्या ऑर्डर संगणकातून आपोआप पूर्ण करणाऱ्या ‘सोएस’ या यंत्रणेत भाग घेणं १९८८मध्ये बाजारकर्त्यांवर बंधनकारक झालं. हेतू सामान्य गुंतवणूकदाराला आधार देण्याचा होता. पण काही चपळ लोकांनी ओळखलं, की बाजारकर्त्याने आपला भाव बदलायला काही सेकंद उशीर केला तर तेवढ्यात त्याच्या जुन्या भावाने शेअर उचलता येतात. वॉल स्ट्रीटने या मंडळींना ‘सोएस बँडिट’, म्हणजे सोएसचे लुटारू, असं नाव ठेवलं. नव्वदीच्या दशकात याच पायावर डे ट्रेडिंगची दुकानं उघडली: एका दालनात रांगेने मांडलेले संगणक, शिकवणीचे वर्ग आणि घरच्या बचतीसह आलेली माणसं. त्यांच्यात नोकरी सोडून आलेले होते, निवृत्तीचा पैसा घेऊन आलेलेही होते.

१९९९च्या ऑगस्टमध्ये राज्यस्तरीय नियामकांच्या संघटनेने या दुकानांवर अहवाल काढला. एका शाखेतल्या खात्यांचा त्यासाठी बारकाईने अभ्यास झाला. सत्तर टक्के खातेदार पैसे गमावत होते, आणि तपासलेल्या २६ खात्यांपैकी अवघ्या तीन खात्यांत नफ्यात अल्पकालीन सौदे करण्याचं कसब दिसत होतं. त्याच्या थोडं आधी, २९ जुलैला, अटलांटात एका ट्रेडरने अशा दोन कचेऱ्यांमध्ये घुसून गोळ्या घालून नऊ जणांना ठार केलं होतं. त्याआधी त्याने आपली बायको आणि दोन मुलं यांचा जीव घेतला होता. त्या हत्याकांडाचं कारण एकट्या शेअरबाजारात शोधणं बरोबर होणार नाही. पण या दालनांकडे देशाचं लक्ष गेलं ते त्या दिवशी.

सिनेटच्या चौकशी उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, त्यात एक वेगळंच चित्र पुढे आलं. मार्जिन कमी पडलं की दुकानदार एका ग्राहकाकडून दुसऱ्या ग्राहकाला रातोरात उसने पैसे मिळवून देत. संध्याकाळी हिशोब पुरा दिसे, सकाळी पैसे परत जात. कागदावर सगळं नियमात बसत होतं. पण रात्री खात्यात दिसणारा तो पैसा त्या माणसाचा नव्हताच.

कायद्यातलं मूळ भगदाड याहून साधं होतं. मार्जिनचा हिशोब दिवस संपताना खात्यात जे शेअर उरतील त्यांच्यावर होई. इंट्राडे करणारा तर बाजार बंद होण्याआधी सगळं विकून मोकळा होतो. म्हणजे दिवसभर त्याने कितीही मोठी उधारी डोक्यावर घेतली असली, तरी मोजणीच्या क्षणी तो कोरा. २,००० डॉलरची किमान शिल्लक ठेवली की काम भागत होतं. एसईसीने २००१च्या फेब्रुवारीत नवे नियम मंजूर केले. त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ते लागू झाले. आता हिशोब दिवसातल्या सर्वांत मोठ्या उधारीवरही होणार होता आणि दोन हजारांच्या जागी पंचवीस हजारांची उशी लागणार होती. ही उशी ट्रेडरला आपटण्यापासून वाचवणार होती, तशी त्याला उधार देणाऱ्या ब्रोकरलाही. नियामकांना दुसरी काळजी पहिलीइतकीच होती, हे विसरून चालणार नाही.

उसन्या पैशांच्या खेळालाही तेव्हाच चाप बसला. किमान शिल्लक भागवण्यासाठी भरलेला पैसा कामकाजाचे दोन दिवस खात्यातून काढता येईना, आणि दुसऱ्याच्या खात्याची हमी दाखवूनही चालेना.

पंचवीस हजारांच्या बदल्यात मिळे काय, तर उधारीची ताकद. आदल्या दिवशी बाजार बंद होताना मार्जिनच्या गरजेपेक्षा जितकी शिल्लक जास्त असेल, तिच्या चौपट किमतीचे शेअर दिवसभरात घेता येत. समजा खात्यात ३०,००० डॉलर आहेत आणि हाती एकही शेअर नाही. दुसऱ्या दिवशी १,२०,००० डॉलरपर्यंत खरेदी करता येई. आता ही सगळी ताकद एकाच शेअरवर लावली आणि तो ४.२ टक्के पडला, तर ५,०४० डॉलर गेले आणि शिल्लक उरली २४,९६०. नावाजलेल्या कंपनीचा शेअरसुद्धा निकालाच्या दिवशी एवढा सहज पडतो.

चौपटीची मर्यादा ओलांडली तर ब्रोकरकडून मार्जिन कॉल, म्हणजे पैसे भरण्याचा तगादा, येई. पैसे भरायला कामकाजाचे पाच दिवस मिळत. तोपर्यंत चौपटीची ताकद दुपटीवर येई. पाच दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढचे नव्वद दिवस फक्त हातातल्या रोखीवर सौदे.

इथपर्यंतचा हिशोब डॉलर कमावणाऱ्या आणि डॉलर ठेवणाऱ्या माणसाचा झाला. आता त्यात दुसरं चलन आणायचं.

बरेच आंतरराष्ट्रीय ब्रोकर एकाच खात्यात अनेक चलनं ठेवू देतात. खातेदार आपलं ‘मूळ चलन’ निवडतो: पौंड, युरो, कॅनडाचा डॉलर, येन. पडद्यावर आकडे त्या चलनात दिसतात, आणि त्यामुळे रेघही त्याच चलनात आहे असा भास होतो. कॅनडातल्या माणसाला आपल्या खात्यात २५,००० डॉलर दिसतात आणि तो निर्धास्त होतो. पण ते कॅनडाचे डॉलर. २०१६च्या जानेवारीत एका अमेरिकी डॉलरला सुमारे १.४६ कॅनेडियन डॉलर पडत होते. म्हणजे रेघ गाठायला ३६,५०० कॅनेडियन डॉलर हवेत. त्याआधी २००७च्या नोव्हेंबरात नेमकं उलटं होतं. तेव्हा कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरहून महाग, १.१०पर्यंत गेला होता; त्या भावाने सुमारे २२,७०० कॅनेडियन डॉलर पुरत होते. नियमातलं एक अक्षर बदललं नाही, आणि नऊ वर्षांच्या आत टोरँटोतल्या माणसासाठी तोच उंबरठा जवळपास १४ हजारांनी उंच झाला.

उलट दिशेचं उदाहरण स्वित्झर्लंडचं. १५ जानेवारी २०१५च्या सकाळी स्विस नॅशनल बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँक रोखून धरणारी १.२०ची मर्यादा एकाएकी सोडून दिली. तीन वर्षांहून जास्त काळ टिकलेलं धरण एका निवेदनाने फुटलं. दिवसअखेर फ्रँक डॉलरच्या तुलनेतही १५ टक्क्यांहून जास्त वधारला होता. ज्याच्या खात्यात २४,००० फ्रँक होते, त्याची शिल्लक आदल्या दिवशी साधारण २३,५०० डॉलर भरत होती. संध्याकाळी ती २७,०००च्या वर गेली. काहीही न करता एक जण रेघेच्या वर गेला, आणि दीड वर्षाने काहीही न करता दुसरा खाली आला.

लंडनमधल्या माणसाकडे परत जाऊ. शुक्रवारच्या भावाने त्याची तूट १,०२५ डॉलर, म्हणजे सुमारे ७५० पौंड. शनिवार-रविवार बँका बंद. सोमवारी पौंड आणखी घसरून १.३२च्या आसपास आला. आता शिल्लक २३,१०० डॉलर, तूट १,९००, आणि ती भरायला सुमारे १,४४० पौंड. दोन दिवस वाट पाहण्याची किंमत तूट जवळजवळ दुप्पट होण्यात निघाली. शिवाय नियम आदल्या दिवशीचा बंद भाव बघत होता. त्यामुळे खुद्द शुक्रवारी, बाजारात वादळ चालू असताना, त्याला सौदे करायची पूर्ण मुभा होती. दार बंद झालं ते सोमवारी. धोका सर्वांत मोठा असताना दार सताड उघडं होतं. परकीय चलनातलं खातं बाळगणाऱ्याने ही विसंगती डोक्यात पक्की ठेवायला हवी.

याहून कमी दिसणारा खड्डा उधारीचा आहे. बहुचलनी मार्जिन खात्यात पौंड आहेत आणि अमेरिकी शेअर विकत घेतले, तर अनेकदा पौंडांचे डॉलर आपोआप होत नाहीत. ब्रोकर डॉलर उधार देतो आणि पौंड तारण म्हणून राहतात. दिवसाच्या आत शेअर विकले तर फारसं बिघडत नाही. पण शेअर रात्रभर ठेवले तर डॉलरच्या कर्जावर व्याज चढतं. पौंड पडला तर तारणाची किंमत उतरते, कर्ज मात्र तेवढंच राहतं. खातेदाराला वाटत असतं, आपण स्वतःच्या पैशाने शेअर घेतले. प्रत्यक्षात त्याने एकाच वेळी दोन पैजा लावलेल्या असतात: एक शेअरवर, दुसरी पौंडावर. दुसरीची त्याला बहुतेक वेळा कल्पनाही नसते.

मग सगळे पैसे डॉलरमध्येच का ठेवू नयेत? ज्याला नेमाने इंट्राडे करायचं आहे त्याने निदान रेघेइतकी रक्कम आणि वर दहा-पंधरा टक्के डॉलरमध्ये ठेवावी, हे शहाणपणाचं आहे. २४ जूनसारखा दिवस त्याला रेघेखाली ओढणार नाही. मात्र धोका संपत नाही, फक्त जागा बदलतो. घरभाडं पौंडात, मुलांची फी पौंडात आणि बचत डॉलरमध्ये. डॉलर पडला की तोटा घरी पोचतो. पैसे बदलताना दर वेळी जाणारं कमिशन वेगळंच.

काहीजण रेघ टाळायच्या वाटा शोधतात. त्यातली सरळ वाट म्हणजे रोखीचं खातं. पंचवीस हजारांचा नियम मार्जिन खात्यांनाच लागू होता. रोखीच्या खात्यात ती अट नव्हती. तिथे अडवतो तो सौदा पुरा होण्याचा काळ. विकलेल्या शेअरचे पैसे पूर्वी दोन दिवसांनी हाती येत, २८ मे २०२४पासून ते एका दिवसात येतात. हाती न आलेल्या पैशांवर नवे शेअर घ्यायचे आणि पैसे येण्याआधीच तेही विकायचे, हा भंग धरला जातो. पैसे न भरताच घेतलेले शेअर विकून त्यातून खरेदी भागवली, तर खातं नव्वद दिवस गोठवलं जातं. थोडक्यात, आजचा पैसा आज एकदाच फिरतो. छोट्या माणसासाठी ही अडचण नव्हे, उलट चांगला लगाम आहे, असं या लेखाचं ठाम मत आहे.

वाकडी वाट समुद्रापार जाते. अमेरिकेबाहेरच्या बेटांवर नोंदलेले ब्रोकर ‘पंचवीस हजारांची अट नाही’ अशी जाहिरात करून अमेरिकी ग्राहक ओढत. बहामातल्या शुअरट्रेडर या ब्रोकरेजवर एसईसीने मार्च २०२१मध्ये मायामीत खटला भरला. अमेरिकेत नोंदणी न करता, हीच अट चुकवू पाहणारे डे ट्रेडर ग्राहक म्हणून गोळा केले, असा आरोप होता. जुलै २०२४मध्ये ज्युरीने त्यामागच्या व्यक्तीला जबाबदार ठरवलं. अशा ठिकाणी ठेवलेल्या पैशाला अमेरिकी नियामकाचं छत्र नसतं.

तिसरी वाट खुद्द चलनांच्या सट्ट्याची. फॉरेक्सच्या सौद्यांना २५,००० डॉलरची अट कधीच नव्हती. तिथे अमेरिकेने किमान शिल्लक ठरवण्याऐवजी उधारीला कुंपण घातलं: ऑक्टोबर २०१०पासून किरकोळ ग्राहकाला प्रमुख चलनांत पन्नास पट, इतर चलनांत वीस पट. युरोपात २०१८च्या ऑगस्टपासून प्रमुख चलनांत तीस पट, आणि शेअरांवरच्या तशा सौद्यांत पाच पट. शिवाय खात्यातल्या पैशांपेक्षा जास्त तोटा ग्राहकाच्या गळ्यात घालायचा नाही, अशी अट. ही शेवटची अट फ्रँकच्या त्या सकाळने शिकवलेली होती. त्या दिवशी एफएक्ससीएम या ब्रोकरच्या ग्राहकांची खाती शून्याखाली गेली आणि २२.५ कोटी डॉलरचं येणं थकलं. लंडनच्या अल्पारीने दिवाळखोरी जाहीर केली. पन्नास पट उधारीवर दोन टक्क्यांची हालचाल सगळी शिल्लक पुसून टाकते. तो फ्रँक तर मिनिटांत त्याच्या कितीतरी पट हलला.

भारतात राहणाऱ्याचा हिशोब या सगळ्यापेक्षा वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४मध्ये परदेशी पैसे पाठवण्याची उदारीकृत योजना आणली, तेव्हा माणशी वार्षिक मर्यादा होती २५,००० डॉलर. हा केवळ योगायोग. मर्यादा वाढत, मध्ये एकदा घटत, २०१५पासून अडीच लाख डॉलरवर आहे. म्हणजे पुण्यातल्या इंजिनिअरला २५,००० डॉलर पाठवता येतील. पण त्याच योजनेत परदेशी बाजारातल्या मार्जिनसाठी किंवा मार्जिन कॉल भागवण्यासाठी पैसे पाठवायला साफ मनाई आहे. मार्जिनच वर्ज्य असल्यावर मार्जिनच्या रेघेचा प्रश्न उरत नाही. मार्ग उरतो तो रोखीच्या खात्याचा. वर दोन गोष्टी. गुंतवणुकीसाठी वर्षात दहा लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर वीस टक्के कर आधीच कापला जातो, जो नंतर विवरणपत्रात वळता होतो पण तोवर अडकून पडतो. आणि परदेशात नुसती पडून राहिलेली, न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते. शिल्लक ठेवा म्हणणारा नियम अमेरिकेचा. पडून ठेवू नका म्हणणारा भारताचा.

परदेशी फॉरेक्स ॲपवर डॉलर-युरोचा सट्टा लावण्याची तर निवासी भारतीयाला परवानगीच नाही. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने ३४ अनधिकृत मंचांची सावधानतेची यादी प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढवत नेली. ‘फक्त शंभर डॉलरपासून सुरुवात’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. तिथे किमान शिल्लक किती हा प्रश्नच गैरलागू आहे. पैसे पाठवणाराच परकीय चलन कायद्याचा भंग करत असतो, हे घरातल्या तरुण मुलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

याच नाण्याची दुसरी बाजू परदेशस्थ मराठी माणसाची. न्यू जर्सीतला अनिवासी भारतीय अमेरिकेत पंचवीस हजार डॉलर ठेवून दिवसाला दहा सौदे करू शकतो, पण मुंबईच्या शेअरबाजारात त्याला इंट्राडेला बंदी आहे. रिलायन्स घेतला तर डिलिव्हरी घ्यायची, मगच विकायचा. खात्यात कोटभर रुपये असले तरी हेच.

भारताने स्वतःच्या बाजारात किमान शिल्लक ही पद्धत स्वीकारलीच नाही. शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने डिसेंबर २०२०पासून टप्प्याटप्प्याने दिवसातल्या सर्वोच्च मार्जिनचा नियम आणला. १ सप्टेंबर २०२१ला तो पुरता लागू झाला आणि शेअरांच्या इंट्राडेत ब्रोकर देत असलेली वीस-तीस पट उधारी पाच पटींवर आली. प्रश्न १९९९च्या अमेरिकेचाच होता: संध्याकाळी मोजलं तर दिवसातली उधारी दिसत नाही. उत्तर मात्र वेगळं निघालं. नाशिकच्या माणसाला पाच हजार रुपयांतही इंट्राडे करता येतो, फक्त पाच पटींहून जास्त उधार मिळत नाही.

यातलं कोणतं उत्तर बरं? आकडे कठोर आहेत. सेबीच्या जुलै २०२४च्या अभ्यासानुसार २०२२–२३मध्ये शेअरांत इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात व्यक्ती तोट्यात होत्या. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण आणखी जास्त होतं. ब्राझीलमध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी वायद्यांत डे ट्रेडिंग करणाऱ्यांचा मागोवा घेतला. तीनशेहून अधिक दिवस टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के तोट्यात गेले, आणि तिथल्या किमान वेतनापेक्षा जास्त कमाई केलेले निघाले १.१ टक्के. तैवानच्या दीर्घ अभ्यासात सातत्याने नफा काढणारे एक टक्क्याहूनही कमी भरले. म्हणजे रेघ असो वा नसो, हरणारे बहुसंख्यच. पंचवीस हजारांच्या रेघेने माणूस शहाणा होत नाही. वीस हजारवाला बाहेर राहतो, सव्वीस हजारवाला चौपट उधारी घेऊन आत जातो, आणि रेघेच्या अगदी जवळचा माणूस वर राहण्यासाठी घरातली शेवटची बचत ओततो. उधारीच्या पटीला लगाम घालणारा नियम गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही आणि जोखमीलाच हात घालतो; म्हणून तो अधिक न्याय्य वाटतो.

आकडा गोठवून ठेवण्याचाही एक परिणाम झाला. महागाई धरली तर २००१चे २५,००० डॉलर २०२५मध्ये ४५ हजारांच्या घरात जातात. म्हणजे अमेरिकी माणसासाठी रेघ दरवर्षी थोडी खाली सरकत गेली. रुपयात मोजणाऱ्याला मात्र ती वर चढताना दिसली. २००१मध्ये डॉलर सुमारे ४७ रुपयांना होता, तेव्हा ती पावणेबारा लाखांची होती. २०२५मध्ये ८८च्या भावाने बावीस लाखांची झाली.

सप्टेंबर २०२५मध्ये फिनराच्या संचालक मंडळाने ही पद्धत बदलण्याला मंजुरी दिली. पंचवीस हजारांची अट आणि सौद्यांची मोजणी काढून टाकायची, त्याजागी दिवसात प्रत्यक्ष जितकी जोखीम घेतली असेल तितकं मार्जिन मागायचं, असा तो प्रस्ताव. अखेरचा शब्द एसईसीचा होता. मार्जिन खात्यासाठीची जुनी २,००० डॉलरची अट त्यात तशीच ठेवलेली होती. या पद्धतीत लंडनमधल्या त्या माणसाला सोमवारी दार बंद मिळालं नसतं. पण उधारीचं माप डॉलरमध्येच राहिलं असतं. चौपटीच्या हिशोबाने गुरुवारच्या भावाने त्याला १,०४,३०० डॉलरचे शेअर घेता आले असते, शुक्रवारच्या भावाने ९५,९००चे, आणि सोमवारच्या भावाने ९२,४००चे. खात्यातले पौंड तिन्ही दिवस तेवढेच, १७,५००.